२५ मीटरच्या टार्गेट पिस्तुलाला साडेपाच इंची जाड बॅरल घ्यावं की सात इंची? आणि जाड, निमुळतं की खाचा मारलेलं? नेम कशाने जास्त चांगला लागतो?

प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग थोडा रागही आला. तुमच्यावर नाही. तुम्ही लिहिलंय की एअर पिस्तूल दोन वर्षं मारून झालं, आता पॉइंट टू-टूकडे, म्हणजे .२२ इंची काडतुसाच्या पिस्तुलाकडे वळायचंय, पुढेमागे २५ मीटरच्या स्पर्धा खेळायच्यात, आणि 'एका अनुभवी नेमबाजाने' सांगितलंय की बॅरल जितकं लांब तितका नेम पक्का, तेव्हा सात इंचीच घे. हा अनुभवी नेमबाज कोण ते मला ठाऊक नाही. माझा थोरला भाऊ असला तरी नवल वाटणार नाही. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी चौदा वर्षं ऐकते आहे.

उत्तर आधी देऊन टाकते: साडेपाच इंची घ्या. सात इंच म्हणजे १७८ मिलिमीटर, आणि २५ मीटरच्या पिस्तुलाला आंतरराष्ट्रीय नियमांत बॅरलची कमाल लांबी आहे १५३ मिलिमीटर. इथे विषय संपायला हवा. माझ्या बाबतीत तो इथेच सुरू झाला.

आमच्याकडे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ होतं. ज्यांनी हाताळलंय त्यांना माहीत असेल, ट्रिगर गार्ड खाली ओढलं की बॅरल वेगळं होतं आणि दुसरं चढवता येतं. दोन्ही साइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण आणि मागची खाच, बॅरलवरच्याच भागावर असल्यामुळे प्रत्येक बॅरलचं झीरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, त्याच्याबरोबरच राहतं. आमच्या पेटीत दोन बॅरलं होती: एक साडेपाच इंची जाड, एक सात इंची निमुळतं. दादाने पहिल्याच दिवशी सात इंची चढवून माझ्या हातात दिलं आणि आखूड बॅरल फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं. "ते खेळणं आहे," म्हणाला.

दादा फ्री पिस्तूलवाला. ५० मीटर. त्या खेळात बॅरलच्या लांबीला मर्यादा नाही, वजनाला नाही, ग्रिप तर हातमोज्यासारखी घडवून घ्यायची मुभा. रिओनंतर ऑलिम्पिकमधून तो प्रकार काढून टाकला, त्याचा राग दादाच्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जिन जोंग-ओने २००८, २०१२ आणि २०१६ असं तीनदा लागोपाठ त्यात सुवर्ण घेतलं ते कुणीही न विचारता सांगायची त्याला सवय आहे. मुद्दा असा की दादाचं सगळं शहाणपण त्या खेळातून आलेलं. हात वर न्यायचा, श्वास अर्धा सोडायचा, नाही जमलं तर खाली आणायचा, परत वर न्यायचा. घाई नाही. तिथे लांब बॅरल देवाचं देणं आहे. मी काही त्याला खोटं पाडत नाहीये.

पण मी खेळत होते २५ मीटर पिस्तूल. तीस गोळ्या प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेम धरून, तीस रॅपिड, म्हणजे झटपट. एअर पिस्तुलातून येणाऱ्यांच्या हे लवकर ध्यानात येत नाही, की यातला अर्धा खेळ घड्याळाचा आहे. सात सेकंद लाल दिवा, तीन सेकंद हिरवा. हात ४५ अंशांच्या खाली धरून उभं राहायचं, हिरवा लागला की उचलायचा, थांबवायचा, मारायचा. एकच गोळी. परत खाली.

चार महिने मी लांब बॅरलवर सराव केला. प्रिसिजनमध्ये तीनशेपैकी २८४-२८५ येत होते, त्यामुळे घरात आनंदीआनंद. रॅपिडमध्ये २७२, २७५, एकदा तर २६९. हात वर आला की पुढची साइट दहाच्या वर निघून जायची, मग खाली झोल घ्यायची, मी ती स्थिरावायची वाट बघत बसायचे आणि अडीच सेकंद उलटले की घाबरून ट्रिगर हिसकायचे. गोळी सात वाजता, म्हणजे घड्याळात सात असतात तिथे, खाली डावीकडे. दर पाच गोळ्यांच्या सिरीजला एक तरी सात वाजता, आठच्या रिंगमध्ये. दादा मागे उभा राहून म्हणायचा, "ट्रिगर." एवढंच. चार महिने मला एकच शब्द ऐकू येत होता.

मग स्पर्धा आली. आदल्या संध्याकाळी इक्विपमेंट कंट्रोल, म्हणजे सामानाची तपासणी. रांगेत माझ्यापुढच्या मुलीचं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या मापाच्या पेटीत अलगद बसलं, ट्रिगरने एक किलोचं वजन उचललं, स्टिकर लागला, ती गेली. माझं पिस्तूल पेटीत तिरकं उभं राहिलं. टेबलामागच्या वयस्कर गृहस्थांनी ते एकदा आडवं करून पाहिलं, एकदा उलटं करून, जणू नियमच थोडा वाकवता आला तर बघावं. मग बॅरलला पट्टी लावली आणि म्हणाले, "मॅडम, हे दुसऱ्या खेळाचं पिस्तूल आहे."

मागे रांग. कान तापले होते. मी बाजूला होऊन दादाला फोन केला तर तो म्हणतो, "त्यांना म्हणावं पुस्तक दाखवा." त्यांनी पुस्तक दाखवलं. तक्ता अगदी स्पष्ट होता. नियम मी स्वतः वाचायला हवा होता हे खरं, आणि ती चूक माझीच, दादाची नाही; पण चार महिने क्लबमध्ये कुणी पट्टी लावली नाही, आणि घरात ज्याच्या शब्दाला वजन त्यानेच 'चालतं' म्हटलेलं. पेटीच्या तळातून ते फडकं काढलं, आखूड बॅरल चढवलं. पेटीत बसलं, स्टिकर लागला.

रात्रभर झोप नाही. त्या बॅरलवर मी आयुष्यात एक गोळी मारली नव्हती. सकाळी सायटिंगच्या पाच गोळ्या वर उजवीकडे, नऊ-आठच्या घरात. साइटचे क्लिक फिरवून नेम जुळवला. पहिल्या प्रिसिजन सिरीजला ४४. मग हळूहळू सावरत शेवटी प्रिसिजन २७९. मी मनातून सामान बांधायला घेतलं होतं. रॅपिडला उभी राहिले ती केवळ नाव दिलंय म्हणून.

पहिला हिरवा लागला, हात उचलला, आणि पुढची साइट जिथे जायला हवी तिथे जाऊन थांबली. वर गेली नाही, खाली झोलली नाही. नुसती थांबली. मला इतकं चमत्कारिक वाटलं की मी जवळजवळ मारायचीच विसरले. रॅपिड २८८. तोवरच्या माझ्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा बरंच वर, आणि तेही आदल्या रात्री पेटीतून काढलेल्या 'खेळण्यावर'.

दादाचं स्पष्टीकरण तयार होतं: "तुला आशाच नव्हती, म्हणून ट्रिगर सुटा मारलास." हे अगदीच चूक नाही, त्याच्याकडे नंतर येते. पण त्या दिवसापासून जो वाद सुरू झाला तो अजून चालू आहे.

त्यानंतर आम्ही दोन्ही बॅरलं वाळूच्या पिशव्यांवर ठेवून मारली. २५ मीटरवर दहा-दहा गोळ्या. दोन्ही ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, नाण्याखाली झाकले जातील एवढे. एका काडतुसाबरोबर सात इंची केसभर सरस, दुसऱ्या काडतुसाबरोबर साडेपाच इंची. काडतूस बदलल्याने जेवढा फरक पडला तेवढा बॅरल बदलून पडला नाही. लांब बॅरलमधून गोळी थोडी वेगात निघते हे खरं, पण २५ मीटरवरच्या कागदाला त्याचं काही पडलेलं नसतं. तेव्हा 'लांब बॅरल जास्त अचूक' हे डोक्यातून काढा. बॅरल अचूक असतं ते चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, नीट कापलं असेल तर, तोंडाशी क्राउनला, म्हणजे नळीच्या शेवटच्या कडेला, ओरखडा नसेल तर, आणि त्याला मानवणारं काडतूस मिळालं तर. तोंडाकडून रॉड घालून साफ करणाऱ्यांची क्राउन झिजते आणि मग ते बॅरलच्या लांबीवर चर्चा करतात.

लांब बॅरलचा खरा फायदा एकच, साइट रेडियस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर. तोही मोजून पाहा. पुढची साइट खाचेत एक दशांश मिलिमीटरने सरकलेली असेल तर २२० मिलिमीटर रेडियसवर २५ मीटरला गोळी सुमारे ११.४ मिलिमीटर हुकते. १८० रेडियसवर १३.९. फरक अडीच मिलिमीटर. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. रॅपिडच्या टार्गेटवर तर १००. शंभर मिलिमीटरच्या दहात अडीच मिलिमीटर वाचवायला तुम्ही पिस्तुलाचं नाक दीड इंच पुढे ढकलणार? शिवाय २२० ही या प्रकारात साइट रेडियसचीही कमाल मर्यादा आहे, म्हणजे त्यापुढे जायची सोयच नाही. हा हिशेब मी दादाला कागदावर करून दिला होता. त्याने उलट बाजूला ५० मीटरचा हिशेब करून परत केला. त्याच्या खेळात तीच चूक दुप्पट होते आणि दहा मात्र ५० मिलिमीटरचाच राहतो. त्याच्या बाजूने तो बरोबरच होता. तोच कागद मी अजून म्हणते माझ्या बाजूचा आहे, तो म्हणतो त्याच्या.

खरी गोष्ट वजनाची आहे, आणि वजन किती यापेक्षा कुठे याची. आमची दोन्ही बॅरलं काट्यावर जवळजवळ सारखी भरत. पण तेच वजन मनगटापासून तिप्पट अंतरावर नेलं तर ते फिरवायला आणि फिरलेलं थांबवायला नऊपट जोर लागतो. हे अंतराच्या वर्गाचं गणित आहे, मत नाही. पुढे जड असलेलं पिस्तूल एकदा स्थिर झालं की सुंदर स्थिर राहतं, छोटे कंप गिळून टाकतं, म्हणून प्रिसिजनमध्ये गोड लागतं. पण उचलून तीन सेकंदांत थांबवायचं झालं की तेच नाक तुमचं ऐकत नाही. आपण हात थांबवतो, ते पुढे जातं. मी चार महिने ज्याला माझा दोष समजत होते त्यातला निम्मा या नऊपटीत होता.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जाड की निमुळतं की खाचा मारलेलं. जाड बॅरल कडक असतं, तापत नाही, वगैरे जे सांगतात ते रायफलवरून उचललेलं आहे. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो हे खरं, पण चौदा सेंटीमीटरची पोलादी नळी मुळातच इतकी कडक असते की पॉइंट टू-टूच्या गोळीने ती काही थरथरून जात नाही. साठ गोळ्यांत तापायचा प्रश्नही नाही. जाड म्हणजे फक्त जड. निमुळतं म्हणजे तेच वजन हाताकडे ओढलेलं. खाचा म्हणजे जाडीचा रुबाब ठेवून थोडं वजन कमी. बाहेर ॲल्युमिनियम आणि आत पातळ पोलादी नळी असाही प्रकार मिळतो, तो सगळ्यांत हलका. त्यातलं शक्यतो हलकं घ्या आणि खाली लावायची छोटी वजनं घ्या. हलक्याला वजन चढवता येतं. जाडाला कानस लावून उतरवता येत नाही. एकूण १४०० ग्रॅमच्या आत राहा. आणि तोंडाला कॉम्पेन्सेटर, म्हणजे वायू वळवून धक्का कमी करणारा भाग, असेल तर २५ मीटरला चालत नाही, एअर पिस्तुलाला चालतं म्हणून इथेही चालेल असं समजू नका. मला एकदा पट्टी लागली, तुम्हाला लागू नये.

आणखी एक. आज वरच्या स्तरावर जी पिस्तुलं दिसतात त्यातल्या बऱ्याचशा पिस्तुलांचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं, पार्डिनी किंवा वॉल्थरच्या जीएसपीसारखं. त्यांची बॅरलं साडेपाच इंचांपेक्षाही आखूड असतात. जीएसपीचं तर १०७ मिलिमीटर. जगभरच्या फायनलमध्ये लोक त्यावर मारतात आणि कुणी रडत नाही की बाई माझं बॅरल आखूड पडलं. पुढच्या वेळी तुमच्या अनुभवी नेमबाजाला हे विचारा. मी विचारलं होतं. उत्तर आलं, "ते लोक वेगळे."

नंतर मी आठ आठवडे वही ठेवली. एक आठवडा लांब, एक आठवडा आखूड, काडतूस एकच, वेळ एकच. प्रिसिजनच्या सरासरीत एक गुणाचाही फरक निघाला नाही. रॅपिडमध्ये तीनशेत जवळजवळ नऊ गुण आखूड बॅरल पुढे. वही दादासमोर ठेवली. त्याने पानं उलटली, नीट वाचली, आणि म्हणाला, "तायडे, तू आधीच ठरवलं होतंस."

आता प्रामाणिकपणे त्याच्या बाजूचं. हो, ठरवलं होतं. डोळ्यांना पट्टी बांधून बॅरल बदलता येत नाही, त्यामुळे माझ्या वहीला पुरावा म्हणायला मीही कचरते. माझं मनगट बारीक, हात लांब. भक्कम मनगटाच्या माणसाला पुढचं वजन कदाचित त्रास देणार नाही. ट्रिगर हिसकणं बॅरलने बरं होत नाही. पुढे मी ते कोरड्या सरावाने बरं केलं, रोज भिंतीसमोर रिकामं पिस्तूल उचलून, आणि ते झाल्यावर लांब बॅरलवरही माझा रॅपिड बराच सुधारला. किती सुधारला ते दादाला सांगितलेलं नाही.

आणि तुम्ही रॅपिड फायर पिस्तूल, म्हणजे आठ-सहा-चार सेकंदांत पाच टार्गेटं, असं म्हणत असाल तर माझा सल्ला पन्नास टक्के उलटा धरा. तिथे थोडं वजन पुढे असलेलं बरं, कारण धक्क्याने तोंड कमी उडतं आणि एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाताना पिस्तूल सपाट वाहतं. हे मी खेळलेले नाही, खेळणाऱ्यांच्या शेजारी उभी राहिले आहे. रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याची साइट, चालणाऱ्या अमेरिकी बुल्सआयसारख्या खेळात उतरणार असाल तर साइट रेडियसचा वादच मिटतो, आणि तिथे सात इंची बॅरलही चालतं. इंटरनेटवरचे निम्मे सल्ले त्याच खेळातले असतात. सल्ला देणारा कुठला खेळ खेळतो ते आधी विचारा.

तुम्ही युसुफ डिकेचचा, म्हणजे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एअर पिस्तुलात रौप्य घेणाऱ्या तुर्की नेमबाजाचा, फोटो टाकून 'सामानाला काही अर्थ नाही' असंही लिहिलंय. चष्मा साधा होता, हात खिशात होता, पिस्तूल मात्र साधं नव्हतं. आणि खांद्यामागे कित्येक वर्षांचा सराव होता, तो फोटोत येत नाही.

तेव्हा असं करा. घ्यायच्या आधी कुणाची तरी दोन वेगवेगळी पिस्तुलं मागून घ्या, रिकामी आहेत हे दोनदा तपासा, भिंतीसमोर ४५ अंशांतून वीसवीसदा उचला. डोळे मिटून उचला आणि थांबल्यावर उघडा. साइट जिथे असेल तिथे ते पिस्तूल तुमच्या हाताला नेतंय. जे सारखं एकाच जागी थांबेल ते घ्या. ग्रिप आधी बसवून घ्या, नाहीतर दोष ग्रिपचा आणि शिक्षा बॅरलला असं होतं. काडतुसांचे दोन-तीन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपा, त्याच बॅरलमधून पिशवीवर मारून बघा, आणि जो बसेल तो एकदम जास्त घेऊन ठेवा.

सात इंची बॅरल अजून माझ्याकडे आहे. वर्षातून दोनदा तेल लावते. दोघांनी आधीच निरोप पाठवून विचारलंय म्हणून सांगते, ते विकायचं नाही. दादा आला की चढवतो, दहा गोळ्या मारतो, ९६-९७ आणतो, आणि काही न बोलता कागद माझ्या वहीत ठेवून जातो.